गाडी गोड वाजली की

आमच्या घरमालकांना सगळ्यात जास्त भीती वाटायची ती गाडी नीट चालण्याची. गाडी बिघडलेली असली की ते शांत असत. अंगणात पोतं अंथरून बसत, सुटे भाग पितळी ताटात मांडत आणि जेवायला बसलेल्या नातवंडांकडे पाहावं तसं त्यांच्याकडे पाहत. पण तीच गाडी एका किकेत सुरू झाली, धूर न सोडता खणखणीत वाजू लागली, की त्यांचा चेहरा उतरे. डोक्याचा दुपट्टा सोडून ते पुन्हा बांधत आणि म्हणत, "काहीतरी होऊन राहिलं, सर. इतकी चांगली नसते ही."

गाडी म्हणजे चार फुगीर चाकांवरची, हॅन्डलवाली, एका माणसापुरती जपानी फटफटी. परदेशात ती वाळूत आणि डोंगरात शर्यतीला पळवतात म्हणे. देवरी तालुक्यात तशी दुसरी नव्हती आणि ज्यांनी ही पाहिली त्यांना दुसरी असावी असं वाटलंही नाही. नागपूरकडचं एक रिसॉर्ट बुडालं, त्याचं सामान ट्रकमधून रायपूरला निघालं, ट्रकच्या स्प्रिंगचा पाटा कोहमाऱ्याला तुटला आणि घरमालक नेमके त्याच वेळी तिथल्या ढाब्यावर चहा पीत बसले होते. पंपाचा पट्टा आणायला गेलेला माणूस ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत ही गाडी घालून परत आला. खताची पोती धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, थेट धानाच्या बांधीपर्यंत नेता येतील, असं कारण त्यांनी घरी सांगितलं. पहिल्याच दिवशी कळलं की गाडी गावातल्या कुठल्याही धुऱ्यापेक्षा रुंद आहे. दोन चाकं धुऱ्यावर राहत आणि दोन शेजाऱ्याच्या धानात. काकी, म्हणजे घरमालकीण, यावर फार बोलल्या नाहीत. "आता धुरे रुंद करा मंग," एवढंच म्हणाल्या आणि आत गेल्या.

खरं तर घराणं चांगलं जमीनजुमल्याचं. लग्नकार्यात त्यांचे नातेवाईक जमले की आपले पूर्वज माळव्यातून घोड्यावर बसून आले, ही कथा निघे. दर वर्षी घोड्यांची संख्या वाढत असे आणि तलवारींची लांबीही. घरमालक हे सगळं मान खाली घालून ऐकत आणि शेवटी विचारत, "घोडे इथं बंद पडले असतीन का? नाहीतर थांबले कायले असते?" त्यामुळे त्यांना पंगतीत शक्यतो टोकाला बसवत.

मी तिथल्या ज्युनियर कॉलेजात मराठी शिकवायला आलो, ती नव्या शतकाची सुरुवातीची वर्षं. खोली पाहायला गेलो तेव्हा जात, गाव, खाणंपिणं, बायको कधी आणणार, या नेहमीच्या प्रश्नांची उत्तरं तोंडात तयार ठेवली होती. घरमालकांनी यातलं काही विचारलं नाही. ते म्हणाले, "तुमचे कान कसे आहेत?"

इकडे नव्या माणसाची खुशाली अशीच विचारत असतील, असं समजून मी म्हटलं, चांगले आहेत. त्यांनी मला अंगणात नेलं, गाडी सुरू केली आणि विचारलं, डावा पुढं आहे की उजवा? मला दोन्हीकडून सारखाच कलकलाट ऐकू येत होता. पण भाडेकरूने घरमालकाला निराश करू नये म्हणून मी डावा म्हटलं. त्यांनी एक बारीक स्क्रू केसभर फिरवला. आता? मी म्हटलं, सारखे. "या राहायले," ते म्हणाले. मुलाखत संपली. नोकरीच्या मुलाखतीतही मला इतक्या नेमक्या विषयावर कुणी प्रश्न विचारले नव्हते.

पुढे हळूहळू मला समजलं की त्या गाडीला दोन सिलिंडर होते आणि दोघांना दोन कार्बोरेटर. कार्बोरेटर म्हणजे हवेत पेट्रोल किती मिसळायचं ते ठरवणारं भांडं. दोन्ही भांड्यांनी सारखं वाढलं पाहिजे. "दोन जावा आहेत, सर," घरमालक सांगत. "एकीच्या ताटात चमचाभर जास्त गेलं, की घर पेटते." त्यांच्या घरात जावा नव्हत्या, भाऊच नव्हता. पण उपमा त्यांनी फार अनुभवाने दिल्यासारखी दिली.

आणि मग ते मूळ भीतीकडे येत. अशा टू-स्ट्रोक इंजिनाला तेल वेगळं मिळत नाही, पेट्रोलमध्ये मिसळूनच जातं. पेट्रोल कमी पडलं की तेल कमी पडतं आणि इंजिन तापतं. गंमत अशी की या उपासमारीत इंजिन कुरकुरत नाही. उलट हलकं होतं, धूर सोडत नाही, आवाज स्वच्छ लागतो, जोर वाढल्यासारखा वाटतो. हे सुख थोडा वेळ टिकतं. मग पिस्टन फुगून सिलिंडरला चिकटतो आणि मागची चाकं धावता धावता जागच्या जागी जखडतात. त्या वेळी वर बसलेला माणूस कुठे जाऊन पडेल, हे घरमालक बोलून सांगत नसत. हात उचलून लांबवर दाखवत. "जाड वाजली, धूर सोडला, शिव्या खाल्ल्या, तं समजा जिती आहे. गोड वाजली की भ्यायचं."

हा नियम त्यांनी गाडीपुरता ठेवला असता तरी चाललं असतं. पण धान लोंबीवर चांगलं भरलं की ते दिवसातून दोनदा बांधीवर जाऊन आकाशाकडे संशयाने पाहत. वीज दिवसभर गेली नाही की डीपीजवळ जाऊन उभे राहत. काकी दोन दिवस काही बोलल्या नाहीत तर तब्येत कशी आहे म्हणून विचारत, आणि मग काकी बोलत. माझ्या वर्गाचा निकाल एका वर्षी फारच चांगला लागला. मी पेढे घेऊन खाली आलो. त्यांनी पेढा हातात धरून विचारलं, "पेपर कोण तपासले?"

थंडीत हवा दाट होते म्हणून तिच्यात पेट्रोल जास्त घालावं लागतं. उन्हाळ्यात पातळ होते, तेव्हा कमी. पेट्रोल ज्यातून जातं तो जेट म्हणजे हरभऱ्याएवढा पितळी स्क्रू, मधोमध सुईच्या नाकाएवढं भोक. घरमालकांकडे जेटांच्या दोन जोड्या होत्या. मोठ्या भोकाचे हिवाळी जेट आईच्या लाकडी करंड्यात आणि बारीक भोकाचे उन्हाळी जेट पितळी करंड्यात. दिवाळीनंतर गावची मंडई भरली, की सगळं गाव नवे कपडे घालून जत्रेला निघे आणि हे अंगणात बसून उन्हाळी जेट काढून हिवाळी बसवत. होळी झाली की उलट. लोक जाता जाता कुंपणावरून विचारत, "गाडीले स्वेटर घातला का जी, काकाजी?"

"घातला," ते शांतपणे म्हणत. "तू घातला का?"

गाडी चालवायची ममताने आणि काळजी करायची घरमालकांनी, अशी त्या घरात कामाची वाटणी होती. ममता त्यांची एकुलती एक मुलगी. मी राहायला आलो तेव्हा शाळेत होती. पुढे गोंदियाला बी.एस्सी. झाली आणि गावाजवळच्या एका कॉन्व्हेंटमध्ये शिकवू लागली. दिवसभर मुलांना रांगेत उभं करणारी ही मुलगी रविवारी सकाळी ओढणी कमरेला बांधून तलावाच्या पाळीवर, काठच्या मातीच्या बांधावर, ती गाडी अशी सोडी की पाळीवरचे बगळे पलीकडच्या काठाला जाऊन बसत.

हे रविवारचं पळवणं हौसेचं नव्हतं; निदान घरमालकांच्या हिशेबी नव्हतं. ती तपासणी होती. ममताने गाडी पूर्ण जोरात आणायची. पाळीच्या वळणाआधी घरमालक उभे असत. त्यांनी डोक्याचा दुपट्टा सोडून वर धरला, की तिने त्याच क्षणी डावी मूठ आवळून क्लच धरायचा आणि अंगठ्याने लाल बटण दाबून इंजिन बंद करायचं. हळू करायचं नाही, विचार करायचा नाही. गाडी नुसती घरंगळत थांबली पाहिजे. कारण हळू करत थांबलं तर प्लगच्या टोकाचा रंग बदलतो आणि भर जोरात आत काय चाललं होतं ते कळत नाही. मग घरमालक प्लग काढून उन्हात धरत. काळा असला तर पेट्रोल जास्त, पांढरा असला तर कमी. हवा तो रंग वाळल्या मोहफुलाचा, तपकिरी. तो मिळाला की ते मला दाखवत, काकींना दाखवत, पाळीवर म्हशी घेऊन आलेल्या माणसाला दाखवत. पण त्यांना मनातून बरं वाटे ते प्लग थोडा काळसर निघाला तर.

ही सवय त्यांनी मुलीच्या हाडीमाशी इतकी भिनवली होती की एकदा जेवणं झाल्यावर त्यांनी तोंड पुसायला दुपट्टा वर उचलला आणि समोरून ताटं घेऊन जाणाऱ्या ममताची डावी मूठ आपोआप आवळली गेली. वरचं ताट खाली पडलं. काकी म्हणाल्या, "सासरी जाईन तं सासऱ्यानं तोंडही पुसू नोये."

घरमालकांच्या कानांबद्दल मला पहिली काही वर्षं शंका आली नाही. ते इंजिन ऐकताना स्क्रू फिरवायच्या पेचकसाचं टोक सिलिंडरवर टेकवत आणि मूठ दातांत धरत. मला तो विक्षिप्तपणा वाटे, आणि त्यांच्या इतर गोष्टी पाहता तसं वाटणं रास्तच होतं. टीव्हीचा आवाज ते मोठा ठेवत, पण गावात सगळेच ठेवत. एका दुपारी काकी शेजारी हळदीकुंकवाला गेल्या होत्या. मी वर वह्या तपासत होतो आणि खाली कुकरच्या शिट्ट्यांवर शिट्ट्या होत होत्या. कुणी गॅस बंद करीना म्हणून मी उतरलो. घरमालक स्वयंपाकघराच्या दारातच बसले होते, खराट्याच्या काडीने जेटचं भोक साफ करत. कुकर त्यांच्या पाठीशी किंचाळत होता आणि त्यांची काडी हललीसुद्धा नव्हती.

मी गॅस बंद केला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग वाफेकडे पाहिलं.

"बारीक आवाज गेला, सर," ते म्हणाले. "जाडा आहे अजून."

तेव्हा मला दातांत धरलेला तो पेचकस आठवला आणि माझी ती मुलाखतही. खोली मला का मिळाली हेही कळलं.

"ममताले नोका सांगू."

"काऊन?" मी विचारलं. इतक्या वर्षांत तेवढं मलाही आलं होतं.

"ते माह्या कानाच्या भरोशावर पळवते. मले ऐकू येत नाही समजलं तं स्वतः ऐकत बसंन. अन् तेवढ्या जोरात जो ऐकत बसते, त्याले रस्ता दिसत नाही."

त्या दिवसापासून रविवारी पाळीवर त्यांच्या शेजारी उभं राहणं हे माझं काम झालं. ममताला वाटे, सरांना हवा खायची आवड आहे. गाडी समोरून आली की ते ओठ न हलवता विचारत, "कशी वाजते?" उत्तरासाठी त्यांनी मला तीन शब्द दिले होते: जाड, बरी, गोड. मी वर्गात पन्नास मिनिटं उपमा-उत्प्रेक्षा शिकवणारा माणूस. मला तीन विशेषणांत बसवणारे ते एकटेच. पण त्या तीन शब्दांचं मला जेवढं दडपण आलं तेवढं कुठल्या व्याख्यानाचं आलं नाही. सर्दी झाली तर मी त्यांना आधी कळवत असे. एका मुलीचा जीव आपल्या कानावर टांगलेला आहे आणि आपल्याला तर सतारीच्या तारा जुळल्या की नाहीत हेही लोकांनी टाळ्या वाजवल्यावर कळतं, हा विचार पाळीवर फार बोचायचा. सुदैवाने गाडी नेहमी जाडच वाजे. मी मोकळ्या मनाने "जाड" म्हणे आणि ते मान हलवत.

या जाड वाजण्याला धूर होता आणि त्या धुराची किंमत ममता देत होती. तिचं नाव गावात मच्छरवाली पडलं होतं, कारण डास मारायला येणारं धुराचं यंत्र आणि ही गाडी यांत लोकांना फरक दिसत नव्हता. तिच्याच वर्गातली मुलं गाडी येताना दिसली की नाक धरून पळत. एकदा झेंडावंदन आटोपून गावचे अध्यक्ष रस्त्याने पायी येत असताना ती शेजारून गेली आणि अध्यक्षांची पांढरी सफारी थोडा वेळ दिसेनाशी झाली.

हे अध्यक्ष नेमके कशाचे, हे मी विचारलं नाही. ते ज्याचे त्याचे अध्यक्षच असत. फीत कापल्याशिवाय आपण कुठे आत शिरलो होतो, हे त्यांना आठवत नसावं. हिवाळ्यात गावात शंकरपट भरे, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यती. त्या समितीचेही अध्यक्ष तेच. पुढे बंदी आली आणि पहिल्याच वर्षी पंचाईत झाली. दुकानं लागली होती, आकाशपाळणा उभा होता, नाटक कंपनी ठरली होती, प्रमुख पाहुण्यांनी वेळ दिली होती. बैल तेवढे नव्हते. मैदान तयार आहे म्हटल्यावर त्याच्यावरून काहीतरी पळालंच पाहिजे, असा ठराव झाला आणि अध्यक्ष दोन माणसं घेऊन आमच्या अंगणात आले.

गावाच्या इज्जतीचा प्रश्न आहे, असं त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं. घरमालक म्हणाले, थंडीत नको, हवा दाट आहे. अध्यक्ष हसले, त्यांना तो विनोद वाटला. मग त्यांनी आपली एकमेव अट सांगितली. गाडी पळवा, वाटेल तशी पळवा, पण पाहुण्यांच्या तोंडावर धूर नको. घरमालकांनी मान हलवली. धूर राहणार, तो कमी होणार नाही. नको असंन तं गाडीच नको.

ममता चहा घेऊन आली होती. ती कप ठेवता ठेवता म्हणाली, "चालवीन मी, बाबूजी."

पाळीवर वळण होतं. गाडीचा पूर्ण दम लागतो न लागतो तोच दुपट्टा वर जाई. इतक्या वर्षांत तिने ती गाडी मनासारखी एकदाही पळवली नव्हती आणि पटाचं मैदान सरळ होतं, लांबलचक. घरमालकांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं. मग त्यांनीही अट घातली: तेल जास्त, जेट हिवाळी, आणि मैदानाच्या मध्यावर ते स्वतः उभे राहणार. मला कुणी विचारलं नाही, पण मी कुठे उभा राहणार हे मला समजलं.

आधीच्या रविवारी पाळीवर गाडी पाहिली. जाड. प्लग काळसर. घरमालक त्या आठवड्यात जवळजवळ आनंदात होते, म्हणून मला जास्तच काळजी वाटत होती. त्यांच्या सहवासाचा परिणाम.

पटाच्या दिवशी ममता सगळ्यांच्या आधी तयार होती. ती जिन्यात मला भेटली तेव्हा तिच्या हातांना पेट्रोलचा वास येत होता. पण त्या घरात त्या वासाचं कुणाला नवल नव्हतं.

सकाळ चांगलीच गार होती. मैदानाच्या दोन्ही बाजूंना दोरापलीकडे माणसाला माणूस लागून उभं होतं. शाली, मफलर, बापाच्या खांद्यावर बसलेली लेकरं. पाहुणे उशिरा आले, मग त्यांचं स्वागत झालं, मग स्वागत करणाऱ्यांचं स्वागत झालं. लाउडस्पीकरवर अध्यक्षांचे भाचे हिंदीतून शायरी म्हणत होते. दूरच्या टोकाला ममता गाडीवर बसलेली दिसत होती. दुसऱ्या टोकाला मंचासमोर गुलाबी फीत बांधली होती. ती गाडीने तोडायची होती. अध्यक्षांनी आयुष्यात प्रथमच एक फीत दुसऱ्याला सोडली होती.

तिने किक मारली. पहिल्याच किकेत गाडी सुरू झाली.

घरमालकांनी डोळ्यांवर हात धरला. "धूर दिसून राहिला का, सर?"

मी म्हटलं, नाही.

"इथून दिसत नसंन," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "दूर आहे. नसंन दिसत." मंचावर अध्यक्ष पाहुण्यांना काहीतरी सांगत होते आणि आमच्याकडे हात करून समाधानाने मान हलवत होते.

ममता सुटली. मी त्या गाडीचा आवाज किती रविवार ऐकला होता. तो नेहमी खाकरत, घसा साफ करत वर चढे. आज तसं झालं नाही. शायरीच्या, गर्दीच्या, पाळण्याच्या गाण्याच्या वरून एक सरळ, कोरा आवाज आला. नव्या घंगाळावर टिचकी मारावी आणि तो नाद थांबूच नये, वाढतच जावा, तसा. लोक गप्प झाले. मलाही क्षणभर केवळ ऐकावंसं वाटलं. घरमालकांनी माझं कोपर इतकं घट्ट धरलं की बोटं हाडाला लागली.

"कशी वाजते?"

तोंडातून शब्द बाहेर पडेपर्यंत मला त्याचा अर्थ समजला नव्हता.

"गोड, काकाजी."

ते ओरडले नाहीत. दोराखालून वाकून गेले आणि मैदानाच्या कडेला उभे राहिले. दुपट्टा सोडला आणि दोन्ही हातांनी वर धरला. उघड्या डोक्याने मी त्यांना चारचौघांत कधी पाहिलं नव्हतं. टक्कल थंडीत फार लहान दिसत होतं. ममता हॅन्डलवर वाकून येत होती. समोर ती फीत होती, मंच होता, इतक्या वर्षांत पहिल्यांदा सरळ रस्ता होता. तिने बापाकडे पाहिलं असेल-नसेल. तिची डावी मूठ मात्र आवळलेली मी पाहिली.

आवाज कापल्यासारखा थांबला. ती आमच्यासमोरून गेली तेव्हा मातीवरून चाकं गेल्याची सरसर तेवढी ऐकू आली. गाडी घरंगळत गेली, मंदावली आणि फितीच्या बरीच अलीकडे उभी राहिली.

आधी कुणाला कळलंच नाही. मग एका बाजूने हसू फुटलं आणि दुसरीकडे पोचलं. लाउडस्पीकरवरचे भाचे म्हणाले, "इससे तो अपने बैल अच्छे थे, भाइयो." पाहुणे हार हातात धरून उभे होते. तो कुणाला घालावा हे त्यांना कुणी सांगत नव्हतं.

मी पोचलो तेव्हा घरमालक गाडीशेजारी गुडघ्यांवर बसले होते. त्यांनी दुपट्ट्यात धरून एक प्लग काढला आणि उन्हात तिरका केला. तो पांढरा होता, खाण्याच्या चुन्यासारखा. त्या पांढऱ्यावर टाचणीच्या टोकाएवढे दोनचार चकाकते ठिपके होते. हे ठिपके मी कधी पाहिले नव्हते, पण त्यांच्याबद्दल ऐकलं होतं. पिस्टनचं वरचं तोंड वितळायला लागलं की त्याचे कण असे उडून बसतात. ममता वाकून पाहत होती. बी.एस्सी.ची गरज नव्हती. बापाने तिला हे शाळेत असतानाच शिकवलं होतं. ती तिथेच मातीत खाली बसली. घरमालकांनी प्लगवर दुपट्ट्याची मूठ मिटली.

अध्यक्ष मंचावरून उतरून आले होते आणि त्यांच्यामागे निम्मं गाव. "पोट्टीच्या हाती दिल्यावर दुसरं का होईन," कुणीतरी म्हणालं. अध्यक्षांनी विचारलं, "काऊन थांबवली, काकाजी? पाहुण्यांसमोर इज्जत गेली ना गावाची. पोरीनं का चुकवलं?"

घरमालक उठले. गुडघे झटकले.

"पोट्टीनं काही नाही चुकवलं. मीच थांबवली. माहे कान गेले, बरेच सालं झाले. खडखड ऐकू आल्यासारखं वाटलं. काही नव्हतं." मग ते म्हणाले, "गाडी चांगली होती."

गाडी चांगली होती, हे वाक्य मी त्यांच्या तोंडून तेव्हाच काय ते ऐकलं.

लोकांचं समाधान झालं. पटात काही ना काही घडावं लागतं, ते घडलं होतं. परत जाताना दोघातिघांनी त्यांना हाताच्या खुणा करून रामराम केला आणि आपापसांत हसले. पुढे महिनाभर गावात तीच खूण चालली. आजवर त्यांच्या वेडाला एक प्रकारचा दरारा होता. आता ते बहिरे झाले आणि विषय मिटला. अध्यक्षांनी पाहुण्यांकडून फीत कापून घेतली.

आम्ही गाडी ढकलत घरी आणली. वाटेत ममता बापाच्या डाव्या बाजूने चालत होती, मग उजव्या बाजूने, मग पुन्हा डाव्या. कुठल्या कानाला ऐकू येतं ते तिला समजत नव्हतं. विचारणार कसं?

घरी काकींनी आधीच ऐकलं होतं. गावात बातमी गाडीपेक्षा लवकर पोचते. त्या काही बोलल्या नाहीत. त्या बोलत नाहीत म्हणून घरमालकांनी तब्येत विचारली नाही, यावरून त्या दिवसाची मला कल्पना आली.

मी जिन्याच्या पायरीवर बसलो होतो. घरमालकांनी अंगणात पोतं अंथरलं, पितळी ताट घेतलं. ममता घरातून दोन्ही करंडे घेऊन आली. लाकडी रिकामा असायला हवा होता. हिवाळ्यात हिवाळी जेट गाडीत असतात. तिने त्याचं झाकण काढलं. आत दोन्ही जेट होते, पुसून ठेवलेले.

ती त्यांच्या पाठीशी उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "बाबूजी, उन्हाळी मीच टाकले होते. सकाळीच. धूर पाहून हसतात सारे."

घरमालक पान्याने नट सोडवत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"का म्हणते? बारीक ऐकू येत नाही मले."

ते खरंच ऐकू आलं नव्हतं की कसं, हे मला आजही सांगता येणार नाही. तिचा आवाज हळू होता. पण तो त्यांनी हातातला पाना थांबवावा इतका तर होताच, आणि पाना थांबला होता.

ममताने ते वाक्य पुन्हा म्हटलं नाही. ती त्यांच्यासमोर पोत्यावर बसली. एक कार्बोरेटर त्यांनी खोलला, एक तिने. ताटात दोन उन्हाळी जेट पडले. त्यांनी ते उचलून पितळी करंड्यात टाकले आणि करंडा तिच्याकडे सरकवला. दोघांनी दोन हिवाळी जेट बसवले. मग नवे प्लग लावले. पिस्टनला ओरखडे आले होते का ते पुढे सिलिंडर उघडल्यावर कळलं. आले होते. पण ते पुढच्या रविवारचं.

तिने किक मारली. पहिल्याला नाही, दुसऱ्याला नाही. कितव्यांदा तरी गाडी ढासली, खाकरली आणि सुरू झाली. अंगण निळ्या धुराने भरलं. तुळस दिसेनाशी झाली. आतून काकींच्या खोकल्याचा आवाज आला आणि मागोमाग, "पेटवा घर. तेवढंच राहिलं."

घरमालकांनी पेचकस उचलला, दातांत धरायला तोंडाशी नेला आणि तसाच खाली ठेवला. मी पायरीवरून उठलो. माझा शब्द तोंडात तयार होता.

पण त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. धुरात ममता जिथे असावी तिकडे मान वळवून त्यांनी विचारलं, "कशी वाजते?"

ती धुरातून आली, त्यांच्या कानाशी वाकली आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाली, "जाड, बाबूजी. एकदम खराब."

त्यांनी दुपट्टा झटकून डोक्याला बांधला, पोत्यावर नीट मांडी घातली आणि आत तोंड करून चहा मागितला.